भाग बदला, पण कानाला विचारून!

मुलांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. सेकंदाला ४४,१०० आकडे गिळतो आणि त्यांचं गाणं करून बाहेर काढतो, असा कोण? त्याला तोंड नाही, गळा नाही, तरी तो तुमच्या घरात आहे. मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे. माळ्यावर एखादा जुना सीडी प्लेअर पडलेला असेल, तर त्याच्याही पोटात आहे.

हरलात? त्याचं नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? म्हणून सगळे त्याला 'डॅक' म्हणतात. आकड्यांचा आवाज करून देणारा हा दुभाषाच म्हणा ना! डॅक जसा तयार मिळतो, तसं त्याचं किटही मिळतं. एक छापील सर्किटची पट्टी, एक-दोन चिपा, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. आपणच सोल्डरिंग करायचं, जोडायचं आणि ऐकायचं.

किट वाजायला लागलं की दुसरी हौस सुरू होते. "यातला हा भाग काढून तो महागातला टाकला, तर आवाज आणखी छान होईल का?" मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात, तर इतके सुटे भाग दिसतील की डोकं गरगरेल. यातला कोणता घ्यायचा? याचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही. ते थोडं गणितात असतं आणि थोडं आपल्या कानांत असतं. कसं ते पाहू.

तापाचा तक्ता आणि जिना

दवाखान्यात रुग्णाच्या खाटेला तापाचा तक्ता लावलेला तुम्ही पाहिला असेल. नर्सताई दर काही तासांनी ताप मोजून तक्त्यावर टिंब काढतात. मग टिंबं जोडली की ताप कसा चढला, कसा उतरला ते कळतं. आवाजाचंही असंच करतात. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून दर वेळी एक आकडा लिहायचा. सीडीत डाव्या आणि उजव्या बाजूचे असे वेगवेगळे आकडे असतात.

हा ४४,१०० आकडा कुठून आला? त्याची गंमत ऐका. १९७० च्या दशकात आवाजाचे आकडे साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरची टेप वापरत. चित्राच्या एका ओळीत ३ आकडे बसवायचे. ज्या देशांत टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र आखलं जाई, तिथं दर वेळी २४५ ओळी कामी येत. ३ × २४५ × ६० करून पाहा. आपल्यासारख्या ५० वेळा चित्र आखणाऱ्या देशांत २९४ ओळी. आता ३ × २९४ × ५० करा. दोन्ही उत्तरं सारखीच! आहे की नाही गंमत?

माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. हॅरी नायक्विस्ट या अभियंत्यानं १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञानं १९४९ मध्ये जे दाखवून दिलं, त्याचा सारांश असा: आवाजात जी सर्वांत मोठी वारंवारिता असेल, तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं की पुरे. मधलं काही हरवत नाही. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार, आणि आपण मोजतो ४४,१०० वेळा. म्हणजे झालंच की!

पण थांबा. मोजणं सोपं, परत आवाज करणं अवघड. डॅक एक आकडा वाचतो, तेवढा व्होल्टेज देतो आणि पुढचा आकडा येईपर्यंत तिथंच थांबतो. मग एकदम पुढच्या पायरीवर उडी! त्यामुळे मूळ आवाजाची गुळगुळीत लाट असते, तिचा जिना होतो. जिन्याच्या या कोपऱ्यांतून नवेच आवाज जन्माला येतात, जे गाण्यात कधी नव्हतेच. गाण्यात १,००० हर्ट्झचा सूर असेल, तर त्याच्या जोडीला ४३,१०० आणि ४५,१०० हर्ट्झचे भुताटकीचे सूर येतात. २०,००० हर्ट्झचा सूर असेल, तर २४,१०० हर्ट्झचं भूत येतं. आपल्याला ती ऐकू येत नाहीत, पण अ‍ॅम्प्लिफायरला येतात. तो त्यांच्यामागे धावताना गोंधळला, तर ऐकू येणाऱ्या आवाजातही खरखर मिसळते.

मग या भुतांना अडवायचं कसं? गाळणी लावून! चहा खाली येतो, चोथा वर राहतो. इथं खालच्या वारंवारिता पुढे जातात, वरच्या अडतात. हीच गाळणी म्हणजे फिल्टर.

दोन कंपन्या, दोन युक्त्या

गाळणी किती महत्त्वाची, हे कळायला १९८२ सालात जाऊ. जपानची सोनी आणि नेदरलँड्सची फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडी तयार केली. सोनीचा पहिला प्लेअर सीडीपी-१०१ हा १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीला आला. मागोमाग फिलिप्सचे प्लेअरही आले.

सीडीवरचा प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. २ ला २ ने गुणत गुणत १६ वेळा २ घ्या, उत्तर येतं ६५,५३६. म्हणजे जिन्याला एवढ्या पायऱ्या. सोनीनं १६ बिटांचा डॅक वापरला. पण २०,००० पर्यंत सगळं जाऊ द्यायचं आणि २४,१०० ला सगळं अडवायचं, म्हणजे दोन गल्ल्यांच्या मध्ये उभी भिंतच घालायची! अशी कडक गाळणी त्यांनी बरेच भाग जोडून बनवली.

फिलिप्सजवळ डॅकची चिप होती १४ बिटांची. पायऱ्या फक्त १६,३८४. मग त्यांनी हार मानली का? छे! त्यांनी आकडे डॅकमध्ये जाण्याआधीच एक हिशेबी चिप बसवली. शेजारच्या बऱ्याच आकड्यांचा हिशेब करून ती दर दोन आकड्यांच्या मध्ये तीन नवे आकडे तयार करी. झाले सेकंदाला १,७६,४०० आकडे. यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात, आणि हिशेब करणाऱ्या भागाला डिजिटल फिल्टर. जिन्याच्या पायऱ्या बारीक झाल्या आणि भुतं पळाली पार दीड लाख हर्ट्झच्या पलीकडे. आता त्यांना अडवायला भिंत कशाला? साधं कुंपण पुरे.

आणि कमी पडलेले दोन बिट? त्याची युक्ती तर आपल्या किराणा दुकानातली आहे. सुटे नसले की दुकानदार म्हणतो, "एक रुपया राहिला, पुढच्या वेळी वळता करतो." फिलिप्सच्या चिपनं तेच केलं. एका आकड्यात जी बारीकशी चूक राहील, ती पुढच्या आकड्यात वळती करायची. मग ऐकू येण्याजोग्या भागात १४ बिटांची चिप १६ बिटांच्या तोडीचं काम देऊ लागली.

यातून आपण काय घ्यायचं? नुसता एखादा भाग 'मोठा' किंवा 'भारी' असून भागत नाही. तो कोणतं काम करतो आणि त्याच्या आगेमागे काय आहे, ते पाहावं लागतं.

किटमध्ये कोण काय करतं?

आता आपलं किट टेबलावर घेऊ. त्यात पाच मंडळी असतात.

पहिला, वीजपुरवठा. अ‍ॅडॉप्टरमधून किंवा यूएसबीच्या वायरमधून वीज येते. अ‍ॅडॉप्टरच्या किटमध्ये बहुधा ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ५ व्होल्ट स्थिर ठेवतो. पण त्याला मागून साधारण ७ व्होल्ट तरी मिळायला हवेत.

दुसरे, वाढपी. पंगतीत पाण्याचं पिंप कोपऱ्यात असतं, पण जग घेतलेला वाढपी पानाजवळ उभा असतो. तुम्ही मागितलं की लगेच पाणी. चिपला वीज अशीच घोटाघोटानं आणि फार घाईनं लागते. म्हणून तिच्या पायाशी एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर असतो. त्यावर १०४ लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ १० वर ४ शून्यं, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड. म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. हा वाढपी पानाजवळच हवा. दोन इंच लांब वायर लावून बसवला, तर तो पंगतीबाहेर उभा राहिल्यासारखाच.

तिसरा, डॅकची चिप. काही किटमध्ये पीसीएम२७०४ ही यूएसबीवर चालणारी चिप असते. तिच्या पोटातच डिजिटल फिल्टर आहे. काही किटमध्ये फिलिप्सची टीडीए१५४३ ही जुनी चिप असते. तिच्यात डिजिटल फिल्टर नाही. तिला थेट आकडे दिले, तर जिना जसाच्या तसा बाहेर येतो. शिवाय जिन्यामुळे वरचे सूर जरा बसतात. २०,००० हर्ट्झचा सूर मूळ उंचीच्या साधारण ७० टक्केच उरतो. म्हणून भाग बदलण्याआधी आपल्या किटमध्ये कोणती चिप आहे, ते भिंगानं वाचा.

चौथी, बाहेरची गाळणी. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावरही ती होते. रेझिस्टरमधून आवाज पुढे जातो आणि कपॅसिटर वरच्या वारंवारिता जमिनीकडे वळवतो.

पाचवा, जोड कपॅसिटर. डॅकमधून आवाजाबरोबर एक स्थिर व्होल्टेजही येतो. तो पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जायला नको. जोड कपॅसिटर त्याला दारात अडवतो आणि आवाज तेवढा पुढे पाठवतो. काही किटमध्ये याच्या अलीकडे ऑप-अँप नावाची आठ पायांची चिपही असते. ती आवाजाला जोर देते.

जादूचा आकडा १५९

आता एक सोपं गणित शिका. हे आलं की दुकानात तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही.

रेझिस्टरचा आकडा किलोओहममध्ये घ्या. कपॅसिटरचा मायक्रोफॅरडमध्ये घ्या. दोघांचा गुणाकार करा आणि १५९ ला त्यानं भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येईल. ही त्या जोडीची सीमा. गाळणीत या सीमेच्या वरचे सूर कमी होत जातात. जोड कपॅसिटरमध्ये उलट, सीमेच्या खालचे सूर कमी होत जातात. सीमेवरचा सूर साधारण ७० टक्के उरतो. १५९ आला कुठून? १,००० ला पायच्या दुपटीनं, म्हणजे ६.२८ नं भागा. बरोबर तोच येतो.

गाळणीचं उदाहरण घेऊ. रेझिस्टर १ किलोओहम. त्याच्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात. कपॅसिटरवर २२२ लिहिलंय. म्हणजे २२ वर २ शून्यं, २,२०० पिकोफॅरड, अर्थात ०.००२२ मायक्रोफॅरड. १५९ भागिले ०.००२२ म्हणजे सुमारे ७२,००० हर्ट्झ. आपले सगळे सूर सुखरूप गेले.

पोटात डिजिटल फिल्टर असलेल्या चिपेला एवढं कुंपण पुरतं. पण टीडीए१५४३ ची भुतं २४,००० पासूनच उभी असतात, त्यांना ही गाळणी जवळजवळ अडवतच नाही. सीमा खाली आणावी, तर आधीच बसलेले वरचे सूर आणखी बसतात. या चिपेबरोबर अशी ओढाताण कायमची असते. कुठं थांबायचं ते आपण ठरवायचं.

"डग्गा कुठं गेला?"

आता एक खरी हकिकत सांगते. आमच्या शाळेतून चौथी होऊन गेलेला एक मुलगा. आता आठवीत आहे. त्याला आतेभावानं वापरलेलं डॅकचं किट दिलं. वाजायचं छान, पण मागे सतत 'घूंऽऽ' असा आवाज. भाऊबिजेचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे त्याच्याजवळ होते. कुणीतरी सांगितलं, "जोड कपॅसिटर बदल. साधे काढ, फिल्मचे भारीतले टाक." मूळ कपॅसिटर होते १० मायक्रोफॅरडचे. तेवढा फिल्म कपॅसिटर आकारानं मोठा, पट्टीवर मावेना. म्हणून त्यानं त्याच जातीचे, पण ०.१ मायक्रोफॅरडचे घेतले. जवळजवळ सगळे पैसे संपले.

बसवले आणि काय आश्चर्य! घूंऽऽ आवाज कमी झाला. आवाज कसा 'मोकळा' वाटायला लागला. पोरगं खूश. घरातल्या सगळ्यांनी वाहवा केली. आजी मात्र कोपऱ्यात बसून तबल्याचं रेकॉर्डिंग ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घूं घूं कमी झालं खरं, पण बाळा, डग्गा कुठं गेला?"

मुलगा आधी रागावला. आजीला या वयात काय ऐकू येणार? पण वय वाढतं तसे आधी वरचे, बारीक सूर ऐकू येईनासे होतात. खालचे, घुमणारे सूर बराच काळ नीट ऐकू येतात. डग्गा ओळखायला आजीचे कान अगदी पक्के होते.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला १५९ चं गणित करायला लावलं. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दाराशी रोध होता १० किलोओहम. १० गुणिले ०.१ म्हणजे १. १५९ भागिले १ म्हणजे १५९! सीमा १५९ हर्ट्झवर येऊन बसली होती. १०० हर्ट्झचा सूर जेमतेम निम्म्या उंचीचा उरत होता. डग्ग्याचा घुमारा याच भागातला. जुन्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरनं सीमा होती १.६ हर्ट्झ. म्हणजे स्वस्तातला भागच बरोबर होता.

आणि घूंऽऽ आवाज कमी का झाला? आपल्याकडची घरातली वीज ५० हर्ट्झची. ती अ‍ॅडॉप्टरवरून येऊन सरळ केली जाते, तेव्हा तिचे कढ सेकंदाला १०० होतात. म्हणजे घूंऽऽ सुद्धा १०० हर्ट्झचाच! डग्ग्याबरोबर तोही निम्मा झाला. रोग बरा झालाच नव्हता, रुग्णाचं तोंड दाबलं होतं.

मग खरा रोग कुठं होता? वीजपुरवठ्याचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नीट पाहिला, तर त्याचा माथा फुगलेला. या कपॅसिटरमध्ये ओलसर द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून तो सुकतो. ढोबळ नियम असा, की उष्णता १० अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य निम्मं होतं. त्यानं काही रुपयांचा नवा कपॅसिटर आणला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच व्होल्टचा. वडिलांना शेजारी बसवून बसवला. जोड कपॅसिटर पुन्हा जुनेच लावले. घूंऽऽ गेला, डग्गा परत आला.

कानांची आंधळी कोशिंबीर

भारी कपॅसिटर लावल्यावर घरातल्या सगळ्यांना आवाज 'मोकळा' का वाटला? कारण पैसे खर्च झाले होते, मेहनत झाली होती आणि बदल झालाय हे सगळ्यांना माहीत होतं. मनानं आधीच निकाल दिला होता. असं तुमचं, माझं, मोठमोठ्या तज्ज्ञांचंही होतं. म्हणून मनाचे डोळे बांधून कानांची परीक्षा घ्यायची. आंधळी कोशिंबीर खेळतो ना, तशी!

रीत अशी. नवा भाग फक्त डाव्या बाजूला बसवा. उजवी बाजू जुनीच ठेवा. दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, म्हणजे मोनो रेकॉर्डिंग घ्या. स्पीकर एकच ठेवा. मित्रानं किंवा बहिणीनं पडद्याआड बसून कधी डावी, कधी उजवी वायर त्या स्पीकरला जोडायची. कोणती ते नाणं उडवून ठरवायचं आणि वहीत लिहायचं. वायर बदलण्याआधी दर वेळी आवाज पूर्ण कमी करायचा आणि नंतर त्याच खुणेवर आणायचा. तुम्ही ऐकून सांगायचं, "नवा" की "जुना". असं दहा वेळा.

एक काळजी घ्या. दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच मोठा हवा. जो जरा मोठा वाजतो, तो चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. २०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरनं दोन्ही बाजूंचे एसी व्होल्ट मोजून घ्या.

आता निकाल कसा लावायचा? नुसत्या नशिबावर दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११. म्हणून नऊ आले तरच 'फरक आहे' म्हणायचं. सहा तर नाणं उडवूनही सहज येतात.

त्या मुलानं पुढे ही परीक्षा घेतली. काकांनी आणून दिलेला ४.७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर डावीकडे, जुना १० चा उजवीकडे. दोन्हींच्या सीमा २० हर्ट्झच्या बऱ्याच खाली. त्याच्या बहिणीचे दहातले सहा बरोबर आले, त्याचे स्वतःचे पाच. त्यानं वहीत लिहिलं, 'फरक ऐकू आला नाही.' मला त्याच्या किटपेक्षा ते वाक्य जास्त आवडलं. पैसे गेले होते, तरी त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं.

कोणत्या क्रमानं जायचं?

१. आधी फुकटच्या तपासण्या. वायर बदलून पाहा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. गुणगुण थांबली, तर दोष किटच्या भागांत नाही, जोडणीत आहे.

२. मग वीजपुरवठा. फुगलेला, गळलेला कपॅसिटर दिसला तर तो बदला. पण 'मोठा म्हणजे चांगला' असं समजून वाट्टेल तेवढा मोठा टाकू नका. यूएसबीच्या नियमानुसार वायर जोडताक्षणी त्या पुरवठ्यावर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटर असू नये. फार मोठा लावला तर पोर्ट रुसून बंद होऊ शकतो.

३. मग वाढपी. १०४ चे कपॅसिटर चिपेच्या पायांलगत आहेत ना, त्यांचं सोल्डरिंग चकचकीत आहे ना, ते पाहा.

४. मग गाळणी आणि जोड कपॅसिटर. आधी १५९ चं गणित, मग खरेदी.

५. ऑप-अँप सगळ्यात शेवटी. तो सॉकेटमध्ये असेल तर बदलणं सोपं असतं, म्हणूनच मोह होतो. पण प्रत्येकाची भूक वेगळी. एनई५५३२ या प्रसिद्ध चिपेला अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट तरी हवेत. नुसत्या ५ व्होल्टच्या किटमध्ये तिचं काम नीट होणार नाही. काही फार वेगवान चिपा तर वाढपी जवळ नसेल तर स्वतःच थरथरू लागतात. बसवताना चिपेवरची खाच सॉकेटवरच्या खाचेशी जुळवा. उलटी बसली तर ती गेलीच.

आणि सर्वांत मोठा नियम: एका वेळी एकच भाग बदला. दोन बदलले आणि आवाज सुधारला, तर श्रेय कुणाला देणार?

आई-बाबांसाठी दोन शब्द

ही हौस चांगली आहे, पण ती तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या. सोल्डरिंगचं टोक ३०० अंशांच्या पुढे तापतं. खिडकी उघडी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि काम झाल्यावर हात साबणानं धुतले पाहिजेत, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. मुलांना तयार, बंद अ‍ॅडॉप्टर किंवा यूएसबीवरच काम करू द्या. भिंतीतल्या २३० व्होल्टला हात लागेल असं काहीही उघडू देऊ नका. भाग काढण्याआधी वीज बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे उणे बाजू. ती उलट लागली तर कपॅसिटर फुटू शकतो.

हेडफोनच्या आवाजावरही लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. चांगला डॅक बनवून कान बिघडवले, तर ऐकणार कोण?

करून पाहा

आता तुमची पाळी. एका मुलीच्या यूएसबी किटमध्ये गाळणीचा रेझिस्टर १ किलोओहमचा आहे. तिनं २२२ चा कपॅसिटर काढून १०३ चा टाकला. दुकानदार म्हणाला होता, "हा मोठा आहे, जास्त गाळेल." सीमा कुठं येईल? आणि तिनं तो ठेवावा का? पुढे वाचण्याआधी वहीत सोडवा.

झालं? १०३ म्हणजे १० वर ३ शून्यं, १०,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. १५९ भागिले ०.०१ म्हणजे १५,९०० हर्ट्झ. गाळणी जास्त गाळेल हे खरं, पण चोथ्याबरोबर चहाही अडवेल. झांजा, घुंगरू यांची चमक त्याच भागात असते. १०,००० हर्ट्झचा सूरसुद्धा ८५ टक्केच उरेल. तेव्हा २२२ चाच बरा.

तुमचं उत्तर चुकलं असेल, तर कपॅसिटरच्या अंगावरच्या आकड्यातली शून्यं पुन्हा मोजा. बहुतेक गोंधळ तिथंच होतो.